पोल्ट्री शेडमधील गादीवर फवारणी : पंप, नोझल आणि पाण्याचा हिशेब

महाराष्ट्रातील बहुतेक ब्रॉयलर शेडमध्ये जमिनीवर भाताच्या तुसाची गादी पसरलेली असते. काही ठिकाणी लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफले वापरतात. या गादीवर वेगवेगळ्या कारणांसाठी फवारणी केली जाते. अमोनियाचा वास कमी व्हावा म्हणून जिवाणूंचे द्रावण फवारतात, गादीचा सामू (पीएच) उतरवण्यासाठी आम्लयुक्त द्रव फवारतात, आणि पक्ष्यांची बॅच निघाल्यावर काळ्या भुंगेऱ्यांसाठी कीटकनाशक किंवा रिकाम्या शेडसाठी जंतुनाशक फवारतात. औषध निवडताना शेतकरी चार जणांना विचारतो. ते गादीवर पोहोचवायचे साधन मात्र शेतात पडून असलेला पाठीवरचा पंप किंवा द्राक्षबागेतला जास्त दाबाचा एचटीपी पंप हेच असते. मग एका कोपऱ्यात गादी भिजून चिखल होतो, दुसऱ्या कोपऱ्यात औषधाचा थेंबही पडत नाही, आणि दोष औषधाच्या माथी मारला जातो.

ज्या गादीला कोरडे ठेवायचे तिच्यावरच पाणी टाकायचे, ही या कामातली मूळ अडचण आहे. त्यामुळे किती अश्वशक्तीचा पंप घ्यावा हा प्रश्न नंतरचा. एका चौरस मीटरला किती मिलिलिटर पाणी द्यायचे हे आधी ठरले पाहिजे, कारण नोझल, दाब, पाइप आणि पंप हे सगळे त्या एका आकड्यावरून उलटे मोजत यावे लागते.

आधी पाण्याचा हिशेब

गादीतील ओलावा साधारण २० ते २५ टक्के असला तर ती भुसभुशीत राहते आणि धूळही फार उडत नाही. तो ३० टक्क्यांच्या वर गेला की पापुद्रे धरू लागतात, विष्ठेतील युरिक आम्लाचे विघटन वेगाने होते आणि अमोनिया सुटतो. शेडमधील अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) पुढे गेला की पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनलिका यांना इजा होऊ लागते. माणसाचे नाक मात्र या वासाला लवकर सरावते, म्हणून शेडमध्ये दिवसभर वावरणाऱ्याने स्वतःच्या नाकावर फार विसंबू नये. गादी तपासण्याची सोपी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मूठभर तूस घट्ट दाबावे आणि मूठ उघडावी. गोळा न होता तूस मोकळे झाले तर ठीक, हलकेच चिकटून लगेच फुटले तरी चालेल, पण गोळा तसाच राहिला तर त्या जागी फवारणी करायचीच नाही. तिथे आधी पापुद्रे काढावेत, पिण्याच्या पाण्याचे गळके निप्पल दुरुस्त करावे आणि कोरडे तूस पसरावे.

दोन ते तीन इंच जाडीच्या, बॅचच्या मध्यावर आलेल्या गादीचे वजन दर चौरस मीटरला ढोबळमानाने १० ते १५ किलो धरू. तिच्यावर १०० मिलिलिटर पाणी पडले तर ओलावा जेमतेम एक टक्क्याने वाढतो आणि हवा खेळती असेल तर ते पाणी काही तासांत उडून जाते. तेच ५०० मिलिलिटर पडले तर ओलावा अडीच ते साडेतीन टक्क्यांनी चढतो, म्हणजे २५ टक्क्यांची चांगली गादी एका फवारणीत धोक्याच्या रेषेजवळ येते. पक्षी आत असताना दर चौरस मीटरला १०० मिलिलिटर, म्हणजे फुटांच्या भाषेत १०० चौरस फुटांना साधारण एक लिटर, ही मर्यादा मी धरतो. कोकणात, मावळात किंवा इगतपुरीच्या बाजूला भर पावसाळ्यात तीही निम्म्यावर आणावी लागते.

पुढील सर्व आकड्यांसाठी ३० फूट रुंद आणि २०० फूट लांब असे शेड गृहीत धरले आहे. त्याचे क्षेत्र ६,००० चौरस फूट, म्हणजे जवळपास ५५७ चौरस मीटर भरते आणि त्यात सुमारे ५,००० ब्रॉयलर पक्षी राहतात. १०० मिलिलिटरच्या हिशेबाने या संपूर्ण शेडला साधारण ५६ लिटर द्रावण पुरते. एचटीपी पंप बंदुकीसकट शेडमध्ये फिरवणारे लोक याच क्षेत्रावर २०० लिटरचा ड्रम सहज रिकामा करतात.

येथेच तुरटीविषयी सांगायला हवे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात १९९० च्या दशकापासून गादीसाठी तुरटीचा, म्हणजे अॅल्युमिनियम सल्फेटचा, अभ्यास झाला आणि तिथे ती बरीच वापरलीही जाते. पण तिची परिणामकारक मात्रा दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो असते. आपल्या शेडला किमान २८० किलो तुरटी लागेल आणि ती विरघळवायला काहीशे लिटर पाणी हवे. १०० मिलिलिटरच्या मर्यादेत हे बसतच नाही. त्यामुळे तुरटी वापरायची असेल तर पिल्ले येण्याआधी भुकटीच्या रूपात हाताने किंवा स्प्रेडरने पसरावी आणि वरून साध्या पाण्याचा हलका फवारा द्यावा. बादलीत दोन-तीन किलो तुरटी घोळून शेडभर फवारली तर समाधान मिळते, गादीचा सामू मात्र फारसा हलत नाही. चुन्याचा गोंधळ तर याहून मोठा आहे. चुन्याने सामू वाढतो आणि गादीत अडकलेला अमोनिया उलट बाहेर पडतो, म्हणून पक्षी आत असताना पडदे बंद ठेवून चुना मारणे घातक ठरते.

कोणता पंप

पाठीवरचा बॅटरी पंप १६ ते १८ लिटरचा असतो आणि त्याच्या एका नोझलमधून मिनिटाला पाऊण ते एक लिटर द्रावण निघते. ड्रिंकरखालचे पट्टे, कोपरे किंवा भुंगेऱ्यांचे अड्डे अशा जागा मारायला तो उत्तम आहे. संपूर्ण शेडला त्याच्या तीन-चार टाक्या लागतात आणि उरलेल्या ओझ्याप्रमाणे माणसाची चाल बदलत जाते, त्यामुळे शेवटच्या टाकीपर्यंत मात्रा कुठल्या कुठे गेलेली असते. दीड-दोन हजार चौरस फुटांच्या शेडसाठी तोच पुरे, मोठ्या शेडसाठी दुसरी व्यवस्था करावी.

तीन पिस्टनचा एचटीपी पंप बहुतेक बागायतदारांकडे असतो. तो मिनिटाला २० लिटरच्या आसपास पाणी देतो आणि २०-३० बारपर्यंत दाब सहज नेतो. आपल्याला नोझलपाशी फक्त तीन बार आणि मिनिटाला पाचेक लिटर हवे आहेत. हा पंप या कामासाठी गरजेपेक्षा कितीतरी मोठा आहे, तरी बायपास नीट बसवला तर तो चालतो. मिनिटाला येणाऱ्या २० लिटरपैकी पाच लिटर नोझलकडे जातात आणि १५ लिटर परतीच्या नळीने ड्रममध्ये येऊन द्रावण ढवळत राहतात, हा त्याचा फायदाच आहे. परतीच्या नळीचे तोंड पाण्याखाली बुडलेले ठेवावे, नाहीतर फेसाळ जंतुनाशकाचा फेस ड्रमबाहेर येतो. प्रवाह कमी करण्यासाठी मोटरवर लहान पुली बसवून पंपाचे फेरे उतरवता येतात. पिस्टन पंपाचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे बायपासवरचा ताणही हलका होतो. एक काळजी मात्र घ्यावी. थोड्या पाण्यावर पंप बराच वेळ नुसता फिरत राहिला तर द्रावण तापते आणि त्यात जिवाणू असतील तर त्यांना ते मानवत नाही.

पंप नवीनच घ्यायचा असेल तर मी डायफ्राम पंप (पिस्टनऐवजी लवचीक पडद्याने पाणी ढकलणारा) घेण्याचा सल्ला देईन. चाकांच्या गाडीवर १०० लिटरची टाकी, बॅटरी आणि पाच बार दाबाला मिनिटाला पाच लिटर देणारा छोटा डायफ्राम पंप बसवला की लांब पाइपची कटकटच संपते. आम्लयुक्त द्रव वापरायचे असतील तर टाकी, नळ्या आणि जोड प्लॅस्टिकचे असावेत, कारण पितळ आणि जस्ताचा मुलामा असलेले लोखंड आम्लाने खाल्ले जाते. वॉशर कोणत्या रबराचे आहेत हेही विक्रेत्याला आधीच विचारून घ्यावे.

पंप कोणताही असो, तणनाशकासाठी वापरलेला पंप शेडमध्ये आणू नये. तीन पाण्याने धुतला तरी पाइपच्या आतल्या थरात आणि वॉशरमध्ये अंश राहतात. शेजाऱ्याच्या फार्मवरून उसना आणलेला पंपही नको, कारण त्याच्या चाकांवरून आणि पाइपवरून एका फार्मचा आजार दुसरीकडे सहज पोहोचतो.

नोझल आणि बूम

कामाचा दर्जा खरा ठरतो तो नोझलवर. बागेतल्या बंदुकीतून धुक्यासारखे बारीक थेंब निघतात. ते गादीवर बसण्याऐवजी हवेत तरंगतात आणि पक्ष्यांच्या व फवारणाऱ्याच्या फुप्फुसात जातात. शिवाय २० बारच्या झोताने तूस उडते, पक्षी घाबरून कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि गुदमरून मरतात. गादीसाठी मध्यम ते भरड थेंब हवेत आणि ते ११० अंशांत पंख्यासारखा फवारा पसरवणाऱ्या पंखा नोझलमधून कमी दाबावर मिळतात.

या नोझलचे रंग आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ठरलेले आहेत, म्हणून दुकानदाराला कंपनीचे नाव सांगण्यापेक्षा रंग आणि क्रमांक सांगावा. तीन बार दाबाला पिवळे ०२ नोझल मिनिटाला ०.८ लिटर, निळे ०३ नोझल १.२ लिटर, लाल ०४ नोझल १.६ लिटर आणि तपकिरी ०५ नोझल २ लिटर पाणी सोडते. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे तो दुप्पट करायला दाब चौपट करावा लागतो आणि तेवढ्यात थेंब बारीक होऊन जातात. त्यामुळे जास्त पाणी हवे असेल तर दाब न वाढवता नोझल बदलावे.

अर्धा इंची प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस पाइपचा एक मीटर लांबीचा बूम तयार करावा आणि त्यावर ५० सेंटिमीटर अंतराने तीन नोझल बसवावेत. गादीपासून ५० सेंटिमीटर उंचीवर धरला की एका फेरीत दीड मीटरचा पट्टा भिजतो. शेड ९ मीटर रुंद असल्याने सहा फेऱ्यांत ते पूर्ण होते. प्रत्येक नोझल बूमच्या रेषेपासून थोडेसे, पाच ते दहा अंश, वळवून घट्ट करावे, म्हणजे शेजारच्या पंख्यांचे पाणी हवेत एकमेकांवर आदळत नाही. उंची राखण्यासाठी बूमच्या दोन्ही टोकांना ५० सेंटिमीटर लांबीची सुतळी बांधून सोडावी. तिचे टोक तुसाला जेमतेम टेकत राहील असा हात धरला की काम झाले. माणूस थकला की बूम खाली येऊ लागतो आणि हे सुतळी लगेच दाखवते. नोझलच्या टोपीत थेंब अडवणारा पडदा असेल तर उत्तम. तो नसल्यास थांबल्यावर एकाच जागी गळती होऊन ओला डाग पडतो.

पाइप, गाळण्या आणि दाबमापक

पंप शेडच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि सावलीत ठेवावा. आवाज पक्ष्यांपासून दूर राहतो आणि ओल्या जमिनीवर विजेची वायर फिरवावी लागत नाही. विजेच्या मोटरला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे) संरक्षण असावेच.

नेहमीचा फवारणी पाइप आतून साडेआठ मिलिमीटरचा असतो. त्यातून मिनिटाला पाच लिटर पाणी ६० मीटर अंतर गेले की घर्षणात सुमारे दोन बार दाब खर्ची पडतो. पंपावरचा काटा पाच बार दाखवत असताना नोझलवर तीन बारच पोहोचतात, आणि पंपावर तीन बार ठेवले तर नोझलमधून पंखा नीट उघडतच नाही. म्हणून दाबमापक बूमच्या दांड्यावर, झडपेच्या पुढे, हवा. एचटीपीवरचा ०-४० किंवा त्याहून मोठा मापक चार-पाच बारच्या पट्ट्यात काहीच नीट सांगत नाही. दांड्यावर ०-१० बारचा, ग्लिसरीन भरलेला मापक घ्यावा आणि तो फुटू नये म्हणून पंप सुरू करताना बायपास पूर्ण उघडा ठेवून नंतर हळूहळू आवळावा. शेडच्या मधोमध बाजूचे दार असेल तर पाइप तिथून आत घ्यावा. मग ३० मीटर पाइपमध्ये दोन्ही टोके गाठता येतात आणि दाबाची हानीही निम्म्यावर येते.

गाळण्या तीन ठिकाणी लागतात. ड्रमच्या तोंडावर नायलॉनचे कापड बांधावे, ओढीच्या नळीला जाळी लावावी आणि दांड्यावर ५० मेशची (इंचाला ५० छिद्रांची) गाळणी बसवावी. ओढीच्या नळीचे तोंड ड्रमच्या तळापासून दोन इंच वर राहावे, कारण सगळा गाळ तळाशी बसतो. जिवाणूंचे द्रावण गुळाच्या पाण्यात वाढवले असेल तर त्यात तारा आणि साय धरते. कापडातून गाळण्याचा कंटाळा केला की दुसऱ्याच फेरीत मधले नोझल बंद पडते. अशा द्रावणासाठी क्लोरीन टाकलेले पाणी वापरू नये, आदल्या दिवशी भरून ठेवलेले बोअरचे साधे पाणी घ्यावे.

मोजणी

बूम तयार झाला की आधी साधे पाणी भरून मोजणी करावी. प्रत्येक नोझलखाली बादली धरून तीन बार दाबाला एक मिनिटाचे पाणी मोजावे. तिघांत पाच-सात टक्क्यांचा फरक चालतो. एखादे नोझल वर दिलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्के जास्त पाणी देत असेल तर ते झिजले आहे, ते बदलावे. तारेने किंवा सुईने टोचून साफ केलेले नोझल लवकर झिजते. त्यासाठी जुना टूथब्रश आणि तोंडाने फुंकण्याऐवजी हवेचा पंप वापरावा. नंतर मोकळ्या काँक्रीटवर एक पट्टा मारून तो सुकताना पाहावा. जी रेघ आधी सुकते तिथे पाणी कमी पडते आहे.

चालण्याचा वेग शेडमध्येच, गादीवर आणि भरलेला पाइप ओढतच मोजावा, कारण काँक्रीटवरची चाल वेगळी असते. ३० मीटरवर दोन खुणा करून लागणारे सेकंद मोजावेत. मात्रा काढायची रीत अशी, की तिन्ही नोझलचे मिळून मिनिटाला येणारे मिलिलिटर घ्यावेत आणि त्यांना पट्ट्याची रुंदी गुणिले मिनिटाला चाललेले मीटर यांनी भागावे. तीन लाल नोझलचे ४,८०० मिलिलिटर, पट्टा दीड मीटर आणि चाल मिनिटाला ३० मीटर असेल तर दर चौरस मीटरला १०७ मिलिलिटर पडतात. निळे नोझल लावले तर तोच आकडा ८० होतो आणि पावसाळ्यात तोच बरा. लाल नोझल ठेवून तुम्ही ३० मीटर ५० सेकंदांत चाललात तर आकडा ८९ वर येतो. थोडा फरक चालीने आणि त्याहून मोठा फरक नोझल बदलून भरून काढावा.

औषधाची मात्रा क्षेत्रावर ठरते, पाण्यावर नाही. लेबलवर १,००० चौरस फुटांना अमुक मिलिलिटर असे दिले असेल तर आपल्या शेडला त्याच्या सहापट औषध लागते आणि ते आपल्या ५६-६० लिटर पाण्यात मिसळायचे असते. “लिटरला इतके” असे तोंडी सांगणाऱ्याला आधी विचारावे की तो किती पाणी धरून बोलतो आहे. आणखी एक बारकावा म्हणजे ६० मीटर पाइपमध्ये साडेतीन लिटर द्रावण मावते. मोजणीनंतर त्यात साधे पाणी भरलेले असेल, तर औषध मिसळल्यावर पहिले साडेतीन लिटर बादलीत काढून घ्यावेत, नाहीतर पहिली फेरी निव्वळ पाण्याची होते. शेवटीही तेवढेच पाइपमध्ये उरते, म्हणून द्रावण पाचेक लिटर जास्त करावे.

प्रत्यक्ष फवारणी

फवारणीच्या आधी गादी खालीवर करून घ्यावी, पापुद्रे काढावेत आणि पडदे पूर्ण खाली सोडून बाजू मोकळ्या कराव्यात. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात उन्हाची दुपार गाठावी. उन्हाळ्यात मात्र सकाळी दहाच्या आत आटोपावे, कारण ४० अंशांच्या उन्हात हवेतील दमटपणा वाढवणे पक्ष्यांना सोसत नाही. पिल्ले ब्रूडिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत ऊब देऊन ठेवलेली, असताना फवारणी करू नये. लसीकरणाच्या दिवशी जंतुनाशक फवारणेही टाळावे. फीडर वर घ्यावेत किंवा झाकावेत आणि बेल ड्रिंकर उचलावेत. पक्षी आत असताना लेबलवर तशी परवानगी असलेलेच औषध वापरावे.

सुरुवात दारापासून लांबच्या टोकाने करावी आणि पाइप मागे ओढत दाराकडे यावे, म्हणजे ओल्या गादीवरून पाइप घासत नाही आणि आपणही भिजलेल्या पट्ट्यावर चालत नाही. एक मदतनीस पुढे हळूहळू चालत पक्ष्यांना बाजूला करतो आणि दुसरा पाइप सांभाळतो. वळताना झडप बंद करावी. भिंतीलगतचा पट्टा कोरडा राहतो अशी तक्रार नेहमी असते, म्हणून पहिल्या फेरीत बाहेरचे नोझल भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर ठेवावे. भुंगेऱ्यांसाठी वेळ महत्त्वाची आहे. पक्षी उचलले गेले त्याच संध्याकाळी, गादी गरम असताना फवारावे. गादी थंड झाली की ते भिंतींच्या भेगांत आणि खांबांत शिरतात. त्या वेळी बूम काढून एकच नोझल लावावे आणि भिंतीलगत मीटरभर पट्टा, खांबांचे बुंधे आणि फीडरच्या रांगांखालची जागा मारावी.

मिसळणे आणि स्वतःचा बचाव

तुरटी किंवा कोणतेही आम्लयुक्त औषध ब्लीचिंग पावडरशी कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. एकाच ड्रममध्ये आधी एक आणि न धुता नंतर दुसरे, असेही करू नये. तसेही गादीवर क्लोरीन फवारून फार हाती लागत नाही, कारण विष्ठेतील सेंद्रिय पदार्थ त्याला लगेच निकामी करतात.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजुरांना प्राण गमवावे लागले, आणि ते तर मोकळे रान होते. शेडच्या छताखाली कीटकनाशक किंवा आम्ल फवारणाऱ्याने कार्ट्रिजचा (वायू शोषणारी डबी असलेला) मास्क, चष्मा, रबरी हातमोजे आणि गमबूट घालावेत. नाकाला रुमाल बांधणे किंवा धुळीचा साधा मास्क लावणे यांनी वायू अडत नाही.

काम झाल्यावर उरलेले द्रावण नाल्यात ओतू नये. ते पातळ करून रिकाम्या गादीच्या कोरड्या भागावर फवारावे. मग स्वच्छ पाणी भरून पंप दोन-तीन मिनिटे नोझल आणि बायपास या दोन्ही वाटांनी चालवावा, नोझल व गाळण्या सोडवून धुवाव्यात, आणि आम्ल वापरले असेल तर हे धुणे पुन्हा करावे. पाइप बाहेरून जंतुनाशकाने पुसून गुंडाळावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदे उघडण्याआधी शेडच्या तीन-चार जागी मूठ दाबून पाहावी. गोळा होत असेल तर पुढची फवारणी निळ्या नोझलने करावी किंवा लांबवावी. वास तसाच असेल तर औषध वाढवण्याआधी निप्पलची उंची, पाण्याचा दाब आणि गळती तपासावी.